लेबलवाले दशरथकाका

दशरथकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून फिनेलच्या डब्यावर ओरडत होते. "दिसत नाय तू! आजूनपन दिसत नाय!" डबा अलीकडे, त्यांच्या गाळ्याच्या दारातल्या फळीवर, इतर कंपन्यांच्या दहा-बारा डब्यांच्या रांगेत ठेवलेला. मधून कंटेनर जात होते. एक गेला की काका डोळे बारीक करून पुन्हा बघायचे आणि तिथल्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या कोणाचाही दंड धरून विचारायचे, "भाऊ, कुठला डबा आदी दिसला? विचार करू नको, पटकन बोल." कोणीच फिनेलचं नाव घेईना. तेव्हा काका रस्ता ओलांडून आले, लेबल टराटरा फाडलं आणि आत जाऊन दुसरं करायला बसले.

पावणे गावातल्या त्या गाळ्याचा पोटमाळा मी आणि माझा मित्र संदेश यांनी भाड्याने घेतला होता. खाली काकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा. लोणचं, रंग, फिनेल, काय म्हणाल त्याची लेबलं. काका मूळचे जवळच्याच बोनकोडे गावचे. वडिलांची भातशेती नव्या शहरात गेली आणि यांनी हातात ब्रश धरला. आधी होड्यांवर नावं, मग कबड्डीचे बॅनर, मग डबे. माणूस तसा तुसडा. चांगलं झालं तर गप्प बसायचा, वाईट झालं तर सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. दुकानात लोणच्याची बरणी उचलताना अजून मला उगाच दडपण येतं.

आम्ही दोघं व्हिडिओ गेम बनवत होतो. नोकऱ्या सोडून अडीच वर्षं. कोड माझा, चित्रं संदेशची. एक चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, शहराखालच्या पाइपांमधून वाट काढत खाडीपर्यंत जाते, एवढाच गेम. ऑनलाइन स्टोअरवर आमचं पान होतं, पण तिथे कोणी फिरकत नव्हतं. स्टोअरवर हजारो गेम, आणि प्रत्येकाचं असतं अंगठ्याएवढं एक चित्र, थंबनेल. लोक भराभर सरकवत जातात. चित्राने थांबवलं तर थांबतात. आता छोट्या गेमांचा आठवडाभराचा उत्सव शुक्रवारी सुरू होणार होता. गुरुवारी संध्याकाळी पाचला चित्र पक्कं होणार, मग आठवडाभर बदलता येणार नाही. शुक्रवारीच संदेशला हैदराबादच्या कंपनीने देऊ केलेल्या नोकरीला हो किंवा नाही कळवायचं होतं. तो गेला असता तर गेम संपला असता. हे आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, पण त्या आठवड्यात आमचं धड जेवणही होत नव्हतं.

बुधवारी सकाळी मीच काकांना थंबनेल दाखवलं. संदेशने पंधरा दिवस खपून काढलेलं. चिंबोरी, बगळा, फ्लेमिंगो, खारफुटी, पूल, चंद्र, वर अकरा प्राणी. त्या प्राण्यांमागे कारण होतं. अकरा मित्रांनी फुकट एकेक प्राणी काढून दिला होता आणि संदेशला कोणाचंही मन मोडायचं नव्हतं.

काकांनी मोबाइल हातात धरलासुद्धा नाही. "वाढदिवसाचा फ्लेक्स केलाय तुमी. कोन रुसू नये म्हनून सगल्या गावाची तोंडा लावलीत."

"काका, हा गेम आहे, फिनेल नाही," संदेश तडकला.

"बगनारा मानूस तोच हाय ना?"

मग त्यांनी हुकूम सोडला. आमचं चित्र आणि स्टोअरवरची दुसरी वीस चित्रं, सगळी काडेपेटीएवढी छापून आणा. ती दारातल्या फळीवर रांगेत चिकटवली आणि काका आम्हाला घेऊन टपरीवर गेले. सात-आठ जणांना विचारलं. एकानेही आमचं चित्र सांगितलं नाही. शेवटी एक ड्रायव्हर जवळ जाऊन बघून आला आणि म्हणाला, "हे मधे काळं काय आहे? छपाई बिघडली का?" संदेशचा चेहरा मला बघवेना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग शार्क टाकतो. मोठा जबडा, रक्त. त्या रांगेत बघा, सगळ्यांनी तेच केलंय."

"तुज्या खेलात शार्क हाय?"

"नाहीये. पण क्लिक तर करतील ना!"

काका टपरीच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "मी एकदा काजू काढलेलं. फरसानच्या पाकिटावर. आत शेंगदाने. शेठ बोलला काढ, मी काढलं. माजी बहीन हलदीला आलेली, तिनं त्येच पाकीट घेतलेला. समद्या पावन्यांसमोर माज्या ताटात वतला नि बोलली, दादा, तू काढलेलं काजू शोदून दे." काका हसले नाहीत. "आत नाय ता वर काढायचा नाय. मना जमनार नाय."

दुपारी त्यांनी संदेशला समोर बसवलं आणि चित्रातल्या एकेका प्राण्यावर पेन्सिल टेकवली. "ह्याला काढला तर खेल बंद पडंल?" संदेश म्हणायचा, नाही. "मंग काढ." बगळा गेला, फ्लेमिंगो गेले. चंद्राच्या वेळी संदेश अडला. तो त्याने स्वतः काढला होता. काका पेन्सिल तशीच टेकवून बसले. चंद्रही गेला. उरली चिंबोरी, आणि ती आमच्याकडे पाठ करून खाडीकडे बघत होती. "गिऱ्हाइकाला पाठ काय दावतंय?" म्हणत काकांनी केशरी घोटीव कागद घेतला, कात्रीने चिंबोरी कापली, एक नांगी वर, आणि फिकट गोल पाइपाच्या तोंडात बसवली. गेमचं नाव जाड अक्षरांत खाली. फळीवर लावलं. पलीकडून आम्हाला दुसरं काही दिसेचना. संदेशने निमूट तसंच चित्र संगणकावर केलं. मला वाटलं, झालं.

गुरुवारी सकाळी अकराला तो लॅपटॉप घेऊन बाहेर पडला. फोन बंद. स्टोअरचा पासवर्ड त्याच्याकडे. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. मी टपरीच्या बाकावर बसून नखं खात होते. काका गाळा सोडून शेजारी येऊन बसले. पाचला दहा मिनिटं असताना संदेश कोपऱ्यावर दिसला. चालत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "मी सकाळीच शार्क टाकलाय."

मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. काका शांतपणे म्हणाले, "मंग बदल की. धा मिंटां हायेत."

"आणि चिंबोरी कोणी बघितलीच नाही तर? उद्या मला उत्तर द्यायचंय, काका! अडीच वर्षं गेलीत माझी."

"तर माज्यावर बोट ठेव. घरी सांग, दोस्तांना सांग, त्या म्हाताऱ्यानं वाट लावली. चिंबोरी मी कापलीय."

संदेशने खांद्यावरची बॅग उतरवली. मग बाकावर बसून त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. पाचला दोन मिनिटं असताना चिंबोरी लागली.

शुक्रवारी काही झालं नाही. शनिवारी काही झालं नाही. आम्ही काकांना टाळून मागच्या जिन्याने वर जायचो, तर तेच जिना चढून दारात यायचे. "बोट ठेवायचा असंल तर मी हाय खाली," एवढं सांगून परत. त्यांचे गुडघे दुखायचे आणि तो जिना उभा होता. रविवारी लोक यायला लागले. आधी थोडे, मग संध्याकाळपर्यंत पानावर वर्दळ सुरू झाली. चिंबोरी बघून आलो, असं कोणी कोणी लिहीत होतं. तेव्हा संदेशने सांगितलं, हैदराबादला त्याने शुक्रवारीच नाही कळवलं होतं. मी रडले. मला लाज वाटली नाही.

सोमवारी आम्ही धावत खाली गेलो. "काका, दिसला! लोकांना गेम दिसला!"

काका छपाईच्या स्क्रीनवरून शाई ओढत होते. थांबले नाहीत. "बरा झाला. माजा काम झाकनापातुर. आता लोकांनी झाकन उगडला. आत काय भरलाय, तुमाला ठाव."

मला रागच आला. आनंदाच्या दिवशी हे काय बोलणं! तणतणत वर आले. संदेश पडद्यासमोर बसून पहिली तक्रार वाचत होता. तिसऱ्या टप्प्यात चिंबोरी पाइपात अडकते, पुढे जातच नाही, असं कोणीतरी लिहिलं होतं. त्या माणसाची काही चूक नव्हती. ती खोट आम्हाला दोन महिन्यांपासून माहीत होती. कोण बघणार आहे, म्हणून आम्ही ती तशीच ठेवली होती.