दुसरा संच
मसाल्यासाठी लवंगा भाजायला घेतल्या की शहाद्यातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते आणि अंगाचा तिळपापड होतो. ब्राह्मणपुरीचे एक म्हातारे शेतकरी थेट माझ्या खोलीत घुसले. गाल टम्म सुजलेला, दाढेखाली लवंग दाबलेली, तोंडाला तिचाच उग्र वास. "तीन डाव उनू मी, ताई! दर डाव सांगतस, उद्या या. तीन दिन जायनात, पोटमा घास नही!" मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तरातरा बाहेर गेले आणि काउंटरवरच्या बाईंवर सगळ्यांदेखत ओरडले, "यांना परत पाठवायला कोणी सांगितलं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दुपारपर्यंत स्वच्छ औजारं संपतात, मॅडम. दुसरा संच घ्या म्हणून महिनाभर सांगतेय. तुम्ही म्हणता, बघू." औजारं निर्जंतुक होईपर्यंत बाबा कण्हत बसले. मग मी दाढेतला पू काढला. जाताना ते म्हणाले, "हात चांगला शे तुन्हा. बाकी काई खरं नही." दुसरा संच त्याच आठवड्यात आणला. बाईंची माफी मात्र मी मागितली नाही, आणि पुढच्याच महिन्यात त्या नोकरी सोडून गेल्या. त्याचा राग आजही येतो, स्वतःचाच.