टँकरच्या गावाचे गृहस्थ

जिल्हा नवा झाला तेव्हा लातूरच्या आमच्या कचेरीत खुर्च्या कमी आणि मुंबईहून येणारे प्रश्न जास्त होते. विधानसभेत आमदार मंत्र्यांना विचारायचे, आणि मंत्र्यांचं उत्तर इथे आमचे हेडक्लार्क असलेले हे गृहस्थ लिहायचे. मी टायपिस्ट, त्यांच्या समोरच बसायचो.

पेनाचं टोपण दातात धरून ते प्रश्न वाचत. 'हे खरे आहे काय?' याला त्यांचं उत्तर ठरलेलं : 'हे खरे नाही.' पुढचं 'असल्यास, कोणती कार्यवाही केली?' याला 'प्रश्न उद्भवत नाही.'

"खरं हाय म्हनलं की मंत्र्याला उभं ऱ्हावं लागतंय," ते मला समजावत. "न्हाई म्हनलं की समदे बसतेत."

एका वर्षी दुष्काळ पडला, आणि एक प्रश्न त्यांच्याच गावाचा आला. विहिरी आटल्या असूनही टँकर सुरू झालेला नाही, हे खरे आहे काय? त्यांनी टोपण दातात धरलं, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि लिहिलं : 'हे खरे नाही. टँकर नियमित सुरू आहे.'

संध्याकाळी रोजच्यासारखा त्यांनी कचेरीच्या नळावर पाण्याचा कॅन भरला. रोज एस.टी.नं ते तो गावी नेत.

"टँकर सुरू हाय म्हनं तुमच्या गावाला?" मी विचारलं.

"हाव. मंत्रीसाहेब सांगनार म्हनल्यावर असंलच की," म्हणत त्यांनी झाकण घट्ट आवळलं.

मला लई राग आला. पण काढणार कुणावर? ते उत्तर तीन प्रतींत मीच टाइप केलं होतं.