मान्यवर कोठे शेतस?

जळगावला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी विद्यापीठाच्या श्रमसंस्कार शिबिराला गेले. समाजसेवेची ओढ वगैरे काही नव्हती. मैत्रिणी निघाल्या, म्हणून मीही पिशवी भरली. आमचे सर मात्र सांगत सुटले होते, "नोकरीत लागतं ते सगळं इथे शिकाल." आम्ही शिकलो ते गटार उपसणं आणि शंभर जणांच्या खिचडीत मीठ विसरणं.

शिबिर भडगावजवळच्या एका गावात होतं. शेवटच्या दिवशी डोळ्यांची तपासणी ठेवलेली. गावकरी वेळेवर आले, मारुतीच्या देवळासमोर सतरंजीवर बसले. डॉक्टरांची गाडी मात्र वाटेत बंद पडली. लोक चुळबुळायला लागले, तसा सरांनी माइक माझ्या हातात कोंबला. "बोल काहीतरी. लोक उठता कामा नयेत."

मी घसा खाकरून सुरुवात केली, "उपस्थित सर्व मान्यवर..."

पुढे बसलेल्या एका आबांनी मागे वळून पाहिलं. "मान्यवर कोठे शेतस वं? आठे ते आम्हीच शेतस."

सगळी सतरंजी हसली. माझ्या पुढच्या ओळी गायब झाल्या. 'आहेत'ला 'शेतस' आणि 'इथे'ला 'आठे' म्हणणारी, धुळ्याकडची आमच्या घरातली अहिराणी मी कॉलेजात कटाक्षाने लपवत असे. त्या घटकेला दुसरं काही सुचेना, म्हणून तीच तोंडातून आली. "आबा, तुम्हले लांबनं दिसत नही का जवळनं?"

"जवळनं. सून चहामा साखर टाकस का नही, तेबी समजत नही."

मागून सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यास्ले साखरनी बीमारी शे. दिसत नही तेच बरं शे."

मग प्रत्येकालाच आपली तक्रार माइकवर सांगायची होती. ऐकता ऐकता मी लांबचं न दिसणाऱ्यांना एका बाजूला आणि जवळचं न दिसणाऱ्यांना दुसऱ्या बाजूला बसवत गेले. डॉक्टर आले तेव्हा निम्मं काम झालेलं होतं. आबांना चष्मा लागला. सूनबाईंचा चेहरा जरा पडला.

पुढे धुळ्यात एका दवाखान्यात स्वागतकक्षाच्या नोकरीसाठी मुलाखत झाली. अनुभव विचारला, तेव्हा मी हेच सांगितलं. समोरच्या बाई हसून म्हणाल्या, "अहिराणीत बोलून दाखवा बरं." मी बोलले. त्यांनी सोमवारपासून यायला सांगितलं.

सरांना फोन केला, तर म्हणाले, "मी सांगितलंच होतं." खिचडीचा विषय मी काढला नाही.