ट्रॅकवर नसलेलं वळण

आधीच सांगतो, मला असल्या गूढ अनुभवांच्या गोष्टी आवडत नाहीत. या ग्रुपवरच्या गोष्टी माझी बहीण वाचते. तिच्या मोबाईलवर कधी नजर गेली की मी म्हणायचो, लोकांना कामं नाहीत का? मी बल्लारपुरात मोटारसायकलच्या सीटा शिवतो. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, शिलाई मारायची. हाताला लागतं तेवढंच खरं मानणारा माणूस आहे मी, आणि हे सगळं होऊनही तसाच आहे. म्हणून खाली "भाऊ, घराची नजर उतरवा", "भाऊ, गेममध्ये निगेटिव्ह एनर्जी असते" असलं काही लिहायला येणार असाल तर येऊ नका. मी रागात आहे. शांत वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

माझी बहीण सना. माझ्यापेक्षा लहान, चंद्रपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, रोज गाडीनं जाणं-येणं. पहिल्या पगारांतून तिनं टीव्हीला जोडायचा सेकंडहँड गेमचा डबा घेतला. अब्बा म्हणाले, लोक पोरीसाठी दागिना घेतात, ही डबा घेऊन आली. पण घेतला तर घेतला.

गेमचं नाव लिहीत नाही. पुढच्या जमान्यातल्या शर्यतीचा गेम आहे. गाड्यांना चाकं नाहीत, जमिनीच्या वर वीतभर तरंगतात, आणि वेग असा की किती आहे ते बघायला डोळा खाली नेला की भिंतीत घुसलात. वरून मिसाईल, रस्त्यात पेरलेले सुरुंग, मागून मारा. सुरुवातीला मला पडद्यावर नुसता रंगांचा काला दिसायचा. मग एक दिवस काय होतं कोण जाणे… अंगठे डोळ्यांच्या आधी वळायला लागतात. उतारावरून गाडी हवेत सुटली की सगळा आवाज क्षणभर बंद. कानात फक्त वारा — आणि खाली आदळली की सगळा गोंगाट एकदम अंगावर. तेवढ्या एका क्षणासाठी मी दिवसभर रेक्झिन ताणायला तयार आहे. हा पोरखेळ आहे म्हणणाऱ्यांनी शेवटच्या फेरीत, ढाल संपलेली, मागे मिसाईलची शिट्टी वाजतेय, अशात एक वळण घेऊन दाखवावं. मग बोलू.

सनाला मी आजपर्यंत हरवलेलं नाही. तिचा हात वेगळाच आहे. ती ब्रेक दाबतच नाही. "ब्रेक दाबला की भीती आत येते भाई," असं म्हणते.

तर एका सुट्टीच्या दुपारी ती खेळत होती, मी बाजूला बसून जेवत होतो. तिला पाठ असलेला ट्रॅक. रात्रीचं शहर, सगळीकडे निळे-गुलाबी दिवे, मग बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की समुद्रावरून जाणारा लांबच लांब सरळ पट्टा. तिथं सगळे जीव खाऊन पळवतात.

त्या दिवशी ती बोगद्यातून बाहेर पडली आणि पट्टा नव्हता.

डावीकडे वळण होतं. दिवे नाहीत, समुद्र नाही. दिवसाचा मळका उजेड. डाव्या हाताला काळपट मातीचा उंच ढीग, वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट, त्यावर वाकडी-तिकडी बाभळीसारखी झुडपं. रस्त्यावरून आडवा गेलेला एक लोखंडी पूल, पत्र्यानं झाकलेला. एक वाकलेला खांब. आणि वळण संपतं तिथं रस्ता अडवून काहीतरी काळं, चौकोनी. सनाची गाडी त्यावर आदळून फुटली.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"मले काय माहीत. अपडेट आला असंल."

गेमनं तिला पुन्हा ट्रॅकवर ठेवलं. पुढच्या फेरीत बोगद्यातून बाहेर, पुन्हा तेच. पुन्हा फुटली. माझा घास हातातच राहिला होता. शेवटच्या फेरीत सनानं असं काही केलं जे मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. ब्रेक दाबला. गाडी त्या काळ्या चौकोनाच्या अलीकडे थांबली आणि जागच्या जागी तरंगत राहिली. आवाज पूर्ण बंद. आणि मग मागून, सगळ्यात मागे राहिलेली दुसरी एक गाडी आली. या गेमच्या मानानं ती अगदी हळू येत होती. आमच्या बाजूनं पुढं गेली, काळ्यावर आदळली, फुटली.

सनानं लगेच तो तुकडा सेव्ह केला. आम्ही चालवून पाहिला. त्यात समुद्रावरचा नेहमीचा सरळ पट्टा आहे. पट्टा रिकामा आहे, आणि रिकाम्या पट्ट्यावर तिची गाडी कशालाही न आदळता फुटते. मग एकदा मधेच थांबते. मग मागची एक गाडी येते आणि हवेत फुटते. तो तुकडा अजून तिच्याकडे आहे. गेमची माहिती असलेल्या दोघा-चौघांना दाखवला. "ग्लिच आहे," म्हणाले. तुकड्यात ग्लिच असेल, मान्य. आम्ही दोघांनी जे पाहिलं ते त्या तुकड्यात नाहीच, त्याचं काय?

त्या संध्याकाळपासून ट्रॅक पूर्वीसारखा. आम्ही विषय सोडून दिला.

नंतर एका रविवारी आम्ही भद्रावतीला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, निघालो होतो. सोयाबीनवर फवारणी चालू असायचे ते दिवस, आभाळ भरलेलं, पाऊस नाही. स्कूटर सना चालवत होती, मी मागे मांडीवर जेवणाचा डबा धरून. भद्रावतीच्या अलीकडे हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, हलायला जागा नाही. एका पानठेल्यावाल्यानं सांगितलं, "इथून खाणीच्या बाजूनं रोड हाय जी, सरळ गावात निंगते." त्या रस्त्यानं आम्ही दोघंही आयुष्यात कधी गेलो नव्हतो. हे नीट वाचा, कारण पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात.

थोडं आत गेलो. डाव्या हाताला खाणीतून काढलेल्या मातीचा ढीग सुरू झाला. तसे ढीग आमच्याकडे जिकडे-तिकडे आहेत, मला काही वाटलं नाही. पण सनानं स्कूटर हळू केली.

"भाई," ती म्हणाली. "वर पाह्य."

वर कोळसा वाहून नेणारा फिरता पट्टा रस्त्यावरून आडवा गेलेला, पुलासारखा. पत्र्यानं झाकलेला. पुढे वाकलेला विजेचा खांब. ढिगावरची झुडपंसुद्धा तीच, तशीच वाकलेली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले म्हणायची पद्धत आहे. माझे तर हातच गार पडले, मांडीवरचा गरम डबा मला लागेना.

"थांबव," मी म्हटलं.

"थांबवूनच राह्यली."

पायानं ढकलत आम्ही वळण पार केलं. समोर कोळशाचा ट्रक, बंद पडलेला, जवळजवळ सगळा रस्ता अडवून आडवा उभा. मागचं फळकट काळं, चौकोनी. ना दिवा, ना लाल पट्टी. आमच्याकडे गाडी बंद पडली तर अडाणी माणूससुद्धा रस्त्यावर दगड मांडतो, झाडाची फांदी ठेवतो. इथं एक दगड नव्हता. ड्रायव्हर नव्हता.

मी "या अल्लाह" म्हटलं असेन. सनानं माझा दंड धरला आणि ओरडली, "मागून येईल! भाई, मागून एक येते!"

तेव्हा मला ती मागची गाडी आठवली. डबा फेकून मी वळणाकडे पळालो. दोन्ही हात वर करून, बोंबलत. आणि तो येतच होता. मोटारसायकलवर एकटा माणूस, चाळिशीचा, मागे कॅरिअरला नवा फवारणीचा पंप बांधलेला, त्याचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. तो जोरात नव्हता. हे मी हजारदा सांगेन. त्याच्या मागे एक डंपर चिकटून चालला होता, सारखा भोंगा वाजवत, रस्ता दे म्हणून. मी ओरडत होतो, "थांबा भाऊ! पुढं ट्रक हाय!" भोंग्यात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं मी लिफ्ट मागतोय. मान हलवली, पंपाकडे बोट केलं — जागा नाही — आणि डंपरला वाट द्यायला कडेला घेत वळणात गेला.

डंपरवाल्यानं मला बघून ब्रेक मारला. तो वाचला. तो.

आवाज मी इथं लिहिणार नाही.

सनानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओढणीनं रक्त दाबून धरलं. तिला रक्ताची सवय आहे. तो एकदाच बोलला. "पंप फुटला का?" सना म्हणाली, "नाई फुटला भाऊ, चांगला हाय." खोटं बोलली. चंद्रपूरला नेईपर्यंत तो गेला.

माणसं जमली तेव्हा खाणीच्या फाटकावरचा एक पहारेकरी आला. मी विचारलं, "हा ट्रक कधीपासून उभा हाय?"

"सकाळपासून हाय जी. पार्ट आणाले गेला तो."

"आन तू काय करत होता?"

"माही ड्युटी गेटची हाय, रोडची नाई."

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. आजही मला त्याबद्दल काही वाटत नाही.

आणि मग सुरू झालं दुसरंच. खालाच्या घरी, आमच्या गल्लीत, दुकानावर येणारं गिऱ्हाईक, सगळ्यांची एकच गोष्ट. तुम्ही नशीबवान. तुम्हाला इशारा मिळाला. वरच्याची मेहेरबानी. दोन-तीन जणांनी तर सनाला विचारलं, माझ्या पोराचं पुढं काय दिसतं ते सांग. मला किळस आली. कसली मेहेरबानी? ज्यानं कोणी, ज्या कशानं आम्हाला तो रस्ता दाखवला, त्यानं मागून येणारा माणूससुद्धा दाखवला होता! दाखवून काय केलं? त्या रस्त्याचं नाव नाही, माणसाचं तोंड नाही, दिवस नाही. एका गेमच्या पडद्यावर, जेवताना. हा इशारा झाला? इशारा द्यायचा तर त्या पहारेकऱ्याला द्यायचा होता, की ऊठ, दोन दगड ठेव.

त्या माणसाचं नाव मारोती. जवळच्याच एका गावचा. तेराव्यानंतर सना म्हणाली, आपण जाऊन येऊ. मला जायचं नव्हतं. काय सांगणार होतो?

त्याच्या बायकोनं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. तिला कळलं होतं की त्याचं डोकं शेवटी कोणाच्या मांडीवर होतं. तिनं सनाच्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमी तं त्याच रोडनं गेल्या. तुमी कशा थांबल्या?"

मी सांगणार होतो, आम्ही हळू होतो. सनानं मला बोलू दिलं नाही. तिनं सगळं सांगितलं. गेम, वळण, मागून आलेली गाडी, सगळं. मला वाटलं आता ही बाई आम्हाला हाकलून देईल, आणि द्यायला हवं होतं.

ती रडली नाही. म्हणाली, "माह्या घरी तं टीव्ही पन नाई." मग म्हणाली, "मले ते काई समजत नाई बाई. तुमाले दिसलं तं दिसलं. मले एकच सांगा… ते जोरात होते का?"

तिनं आतून पेपराचा तुकडा आणून दिला. चार ओळी. भरधाव दुचाकीची उभ्या ट्रकला धडक. "गावात सारे हेच म्हनून राह्यले," ती म्हणाली. "पोरगी शाळेतून रडत आली. तिचा बाप कधी जोरात चालवत नव्हता. मी मागं बसली का मलेच कंटाळा ये."

मी म्हटलं, "नाई वहिनी. जोरात नव्हते. मी रोडवरच उभा होतो."

"मंग हे लोकाईले सांगा नं भाऊ."

म्हणून लिहितोय. पोलिसांत जबाब दिला, त्यात हे सांगितलं. पेपरच्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले बातमी जुनी झाली. ट्रकचा मालक कोण, कारवाई झाली की नाही, मला कोणी सांगत नाही. पुन्हा त्या रस्त्यानं गेलो तर ट्रक नव्हता, काचा होत्या.

ते वळण पडद्यावर कसं आलं, मला माहीत नाही. सनालाही नाही. खूप डोकं लावलं, उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर आता मला ते उत्तर नकोही आहे. तुम्हाला त्यावर चर्चा करायची असेल तर खुशाल करा. पण करताना एक गोष्ट खरी धरून चाला, कारण तेवढी एक मी स्वतःच्या डोळ्यांनी, भर दुपारी, रस्त्यात उभं राहून पाहिली आहे.

मारोतीभाऊ हळू चालवत होते.