पोरांची सावड

शहादेव गुरुजींचं नाव काढलं की अजून माझं डोकं उठतं. आणि खरं सांगू का, जेवढा त्यांचा राग येतो तेवढाच माझा मलाही येतो.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला, माळावरची आमची दोनशिक्षकी शाळा. ते मुख्याध्यापक, मी वत्सला त्यांच्या हाताखाली. पटावर एकेचाळीस पोरं. दसरा झाला की निम्मी आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या उसाला जायची, ती उन्हाळ्यात परतायची. हजेरीत मात्र एकेचाळीसच्या एकेचाळीस हजर.

गुरुजी काही जन्माचे खोटारडे नव्हते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आष्टीकडच्या एका गावात, तपासणीला त्यांनी खरं लिहिलं होतं की एकोणीस पोरं उसाला गेलीत. साहेबानं भर गावात झापलं, "पोरं टिकवता येत नाहीत तर मास्तर कशाला झालास?" महिन्याभरात बदली. घरात बायको ओली बाळंतीण. त्या दिवसापासून गुरुजी शहाणे झाले.

इथं आल्यावर त्यांनी शेजारच्या वाडीच्या शाळेशी पोरांची सावड केली. शेतात बैलांची करतात तशीच. आमची तपासणी असली की त्यांची पोरं आमच्याकडं, त्यांची असली की आमची तिकडं. दोन अर्ध्या शाळा मिळून एक भरलेली शाळा. साहेब यायचे, डोकी मोजायचे, कोंबडी खाऊन शेरा लिहायचे. सव्वीस वर्षं हे सुखेनैव चाललं.

मग दोन हजार बाराचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसला, कधी कोयता न धरलेली घरंही कारखान्याची वाट धरायला लागली. त्याच वर्षी तपासणीची रीत बदलली. पाटोद्याला गुरुजींना प्रशिक्षणाला बोलावलं. तिथं सांगितलं की आता साहेब पट बघणार नाहीत, वर्गात बसून पोरांशीच बोलतील. किती पोरं उसाला जातात ते खरं दाखवा, त्या आकड्यावरच गावात हंगामी वसतिगृह मिळेल. सहा महिने दोन वेळचं जेवण शाळेत, म्हणजे पोरं म्हाताऱ्यांपाशी राहून शिकतील.

मला तर हर्षच झाला. कारण माझ्या डोळ्यांपुढं चौथीतली सत्यभामा होती. वाचायला लागली की ऐकत राहावं अशी पोर. तिची आजी मंजुळाबाई डोळ्यांनी अधू, चुलीपुढं बसता येत नव्हतं. वसतिगृह झालं तर पोर मागं राहणार, नाही तर धाकट्या भावाला सांभाळायला फडात जाणार. तिच्या बापानं मुकादमाला सांगून जाणं आठ दिवस लांबवलं होतं, तेही एवढ्याचसाठी.

गुरुजी पाटोद्याहून आले ते तोंड पाडून. मी म्हटलं, "गुरुजी, या खेपेला खरंच लिहू की!"

"बाई, तुमी लई भोळ्या हाव. आधी गोड बोलून कबूल करून घेत्यात, मग नोटीस. मी भोगलंय. ह्यो सापळा हाय."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमची तयारी सुरू. वाडीच्या पोरांना आमच्या पोरांची नावं पाठ करायला लावली. कुणी काही विचारलं तर आमच्या आणि त्यांच्या सगळ्याच पोरांचं एकच उत्तर, इथून कुणी उसाला जात न्हाई. हे घोकून कुणी घेतलं? मीच घेतलं. हातात पट्टी घेऊन. गुरुजींपुढं बोलायची माझी छाती झाली नाही, आणि बदलीची भीती मलाही होतीच की.

तपासणीला एक मॅडम आल्या. कोंबडी नको म्हणाल्या, सतरंजीवर पोरांत मांडी घालून बसल्या. सत्यभामाकडून धडा वाचून घेतला, पाठीवरून हात फिरवला, आणि हळूच विचारलं, "बाळ, तुमच्या वर्गातलं कुणी उसाला जातं का गं? तुझ्या घरचे जातात का?"

पोरीनं गुरुजींकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"न्हाई, बाई. कुणीच जात न्हाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मॅडमनी लिहून घेतलं. गुरुजींनी घाम पुसला.

चौथ्या दिवशी कागद आला. शाळेची उपस्थिती पूर्ण, अभिनंदन. स्थलांतर नाही, सबब वसतिगृहाची गरज नाही. गुरुजींनी तो दोनदा वाचला. सापळा नव्हता हे त्यांना तेव्हा उमगलं. लगोलग मोटारसायकल काढून पाटोद्याला गेले, हातापाया पडले. तिथला कारकून हसला म्हणे, "गुरुजी, पोरीनं सोताच्या तोंडानं सांगितलंय की. आता कावून बदलायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढच्या रस्त्यावर ट्रक उभा राहिला. पाचटाच्या खोपीसाठी बांबू, भांडी, शेळ्या, आणि वर सत्यभामा, कडेवर भाऊ. मंजुळाबाई खाली उभी राहून भलत्याच बाजूला हात हलवत होती. आम्ही दोघं दारात. प्रार्थनेची वेळ झाली होती, पण घंटा द्यायचं कुणाला सुचेना.

ट्रक हलला तशी पोर फळीवरून वाकून ओरडली, "गुरुजी, मॅडमला मी बरोबर सांगितलं नव्हं?"

गुरुजींनी मान डोलावली. "बरोबर सांगितलंस, बाळ."

ती खुशीत हसली. मग गुरुजी आत गेले, हजेरी काढली, आणि तिच्या नावापर्यंत येऊन तसेच बसून राहिले.