चौपन्न वेढे

वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, जळालेली मोटार खोलून पुन्हा बांधायची. दोन, सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. पहिलीवर माझं पोट चाललं. दुसरीनं काय केलं, ते लिहायला बसलो आहे.

आमचा धंदा मोटार वाइंडिंगचा. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून मोटरसायकलवर घेऊन येतो. आम्ही तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार खाचांतून उपसतो आणि नवी भरतो. कोणत्या मोटारीला किती नंबरची तार आणि किती वेढे, यावर सगळा खेळ. वेढे कमी पडले तर मोटार तापते, आठवड्यात धूर. वडिलांनी हे आकडे एका वहीत उतरवून ठेवले होते. जुनी मोटार सोडताना ते वेढे मोजत आणि मी शेजारी बसून लिहीत असे. थोरल्या भावाला ते काम देत नसत. त्याचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

वडील गेले, आम्ही वेगळे झालो. तेलगावचं दुकान थोरल्याकडे राहिलं. त्याबद्दल मी तोंडातून शब्द काढला नाही. पण निघताना वही मागितली, तेव्हा तो म्हणाला, "वही दुकानाची हाय. दुकान माझं हाय."

"अर्धी वही माझ्या हातची हाय."

"मग हात घिऊन जा की."

मी हात घेऊन आलो. युसूफ वडगाव या गावी एक गाळा भाड्यानं घेतला आणि आठवणीतल्या आकड्यांवर धंदा उभा केला. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नाच्या पंगतीत एकदा शेजारी बसायची वेळ आली, तर मध्ये एक पत्रावळ रिकामी ठेवली. दोघंही एकाच बापाचे. आधी कोण बोलणार?

मग मला एक युक्ती सुचली. ती चांगुलपणातून आली असं मी म्हणणार नाही. सगळे आकडे इंटरनेटवर टाकायचे, फुकट. कुठल्याही गावच्या कारागिरानं मोबाइलवर बघावं आणि मोटार बांधावी. मग थोरल्याच्या कपाटातल्या त्या वहीला कोण विचारणार होतं? रद्दी होईल ती.

केजला वेबसाइट करून देणारा एकजण होता. तो म्हणाला, "काका, तुमचा डेटा आपण कंपनीच्या सर्व्हरवर ठेवू."

"म्हणजे कुठं?"

"त्यांच्या कॉम्प्युटरवर. लांब असतो तो."

मी उठलो. एकदा वही दुसऱ्याच्या कपाटात ठेवून बसलो होतो. पुन्हा नाही. माझी वही माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर राहील, असं त्याला सांगितलं. तो हसला. त्याच्या हसण्यामुळेच मी हे काम पुरं केलं.

अंबाजोगाईला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडत होता. तिथून एक जुना डेस्कटॉप उचलला. मालक स्क्रीनसकट विकायला बघत होता, मला नुसता डबा पाहिजे होता. घासाघीस करून डबा घेतला आणि जाताना स्क्रीनही त्याच भावात घेतली. पंख्याचं बेअरिंग वाजत होतं, ते मी स्वतः बदललं. हिंदी व्हिडिओ बघून त्यावर फुकटातली सिस्टीम टाकली, तिच्यात पानं मागणाऱ्याला पानं देणारा प्रोग्रॅम बसवला. चारदा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. एकदा रागात कीबोर्ड वार्निशच्या डब्यात फेकला.

राहिला प्रश्न पत्त्याचा. बाहेरच्यांना माझा कॉम्प्युटर सापडायचा तर त्याला न बदलणारा नंबर लागतो. मी केबलवाल्याला दुकानात बोलावलं.

"फिक्स नंबर? कावून पाहिजे तुमाला? त्यो बँकेला लागतो."

"माझं दुकान बँकेपेक्षा कमी हाय का?"

"तसं न्हाई काका. पर लई अवघड काम हाय. वर विचारावं लागंल."

"तुझी बोअरची मोटार पडलीय ना माझ्याकडं?"

तो गप्प बसला. मीही गप्प बसलो आणि त्याच्या देखत त्याच्याच मोटारीत तार भरू लागलो. वडिलांचा नियम. अर्ध्या तासानं तो म्हणाला, "बरं, मोटार नीट बांधा. नंबर देतो."

असं माझं दुकान जगाला दिसू लागलं. डबा मी खिडकीशेजारच्या फळीवर ठेवला होता, इन्व्हर्टरच्या जवळ. सर्व्हरच्या कॉम्प्युटरमध्ये एक नोंद आपोआप होत असते. कोणत्या नंबरावरून कोण आलं, कधी आलं, कोणतं पान मागितलं. पान दिलं असेल तर ओळीत २०० हा आकडा पडतो, नाकारलं असेल तर ४०३. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मी ती नोंद वाचत बसायचो. गावोगावचे नंबर यायचे. पानावर मी एक चौकट ठेवली होती, "चूक आढळल्यास कळवा". कोण काय कळवणार, अशा घमेंडीतच ठेवली होती.

आणखी एक गोष्ट केली होती, ती सांगायला हवी. आमच्याकडे लाईट जाते-येते. मध्येच गेली की लोकांच्या स्क्रीनवर पान अडकून पडायचं आणि ते फोन करून शिव्या द्यायचे. म्हणून पानाच्या साच्यातच मी एक ओळ घातली: दर पाच मिनिटांनी हे पान आपोआप पुन्हा मागव. सगळी पानं त्याच साच्यातून निघत.

तीन-चार महिन्यांनी त्या चौकटीतून पहिला निरोप आला. खाली नाव नव्हतं. "तीन एचपी मोनोब्लॉक, चोवीस खाचा. ४५ न्हाई, ५४ वेढे." मी वाचला आणि सोडून दिला. ती जुन्या बनावटीची मोटार, माझ्याकडे क्वचित यायची, आणि मला पंचेचाळीस पक्कं आठवत होतं.

आठवड्यानं दुसरा आला. "अजून बदललं न्हाई. लोकाच्या मोटारी जळतील."

त्याच सुमारास धारूरकडच्या एका कारागिराचा फोन आला. "तुमच्या आकड्यानं बांधली, चौथ्या दिवशी धूर निघाला." मी त्याला झापला. "तार हलकी वापरली असशील. माझ्या आकड्याला नावं ठेवू नको." फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते. चूक मान्य करायची म्हणजे भाव पाडून घ्यायचा, असं मी आयुष्यभर समजत आलो.

तिसरा निरोप तीनच शब्दांचा होता. "तपासून बघ बे."

मी जागेवरून उठलो. मला तालुक्यात कुणी 'बे' म्हणत नाही. गिऱ्हाईक 'काका' म्हणतं, नाहीतर 'शेठ'. 'बे' म्हणणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्यातले वडील गेले होते.

मला कळलं होतं का? हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. त्या घटकेला मी मनाशी म्हणालो, कुणीतरी चोर आहे, धंद्यातला वैरी आहे, माझे आकडे खोटे पाडायला बघतोय. पण मी तो निरोप पुन्हा पुन्हा उघडून वाचत होतो, आणि चोराचं लिहिणं कुणी दोनदा वाचत नाही. निरोप ज्या नंबरावरून आला होता तो नोंदीत शोधून मी सर्व्हरमध्ये अडवला. नुसता अडवला नाही, त्याच्यासाठी वेगळं पान लिहिलं. लाल अक्षरात: "आपल्यासाठी हे दुकान बंद आहे." तेही त्याच साच्यातून काढलं.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली तर तो नंबर ओळीनं उभा. दहा वाजता ४०३. दहा पाचला ४०३. दहा दहाला. पार संध्याकाळपर्यंत. मला हसू आलं. एवढा निर्लज्ज माणूस असतो का? दर पाच मिनिटांनी दार ठोठावणारा माणूस नसतो, यंत्र असतं. म्हणजे माझा संशय खरा, कुणीतरी माझी वही चोरायला यंत्र लावलं आहे. त्या विचारानं मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आता लिहवत नाही.

पाच-सहा आठवडे तसेच गेले. मग एका सकाळी चुलतभावाचा फोन आला. थोरला दुकानातच बसल्या बसल्या गेला. छातीत कळ आली म्हणे, पाणी आणेपर्यंत संपलं.

मी मातीला गेलो. मागे उभा राहिलो. लोकांनी वाट करून दिली, तरी पुढे गेलो नाही. एक म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता बोल म्हणावं."

परत येऊन दुकान उघडलं, हात कशात लागेना, म्हणून नोंद उघडली. तो नंबर चालूच होता. आम्ही मातीला उभे होतो त्या वेळेलाही त्यानं दर पाच मिनिटांनी पान मागितलं होतं. मी चिडलो. आज तरी गप्प बस म्हणालो, मोठ्यानं.

तेराव्याला वैनींनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, दुकानातला कॉम्प्युटर सारखा लुकलुकतोय. मला बंद करायला येत न्हाई. तुमी बघता का?"

नऊ वर्षांनी त्या दुकानात पाय ठेवला. वार्निशचा तोच वास. कोपऱ्यात इन्व्हर्टर घुमत होता, आम्ही दोघांनी मिळून बसवलेला, चार बॅटऱ्यांचा. त्याच्यावर कॉम्प्युटर आणि नेटचा डबा कधी बंद पडले नव्हते, म्हणून नंबरही बदलला नव्हता. टेबलावर स्क्रीन उजळलेली होती, आणि तिच्यावर लाल अक्षरात माझं वाक्य. आपल्यासाठी हे दुकान बंद आहे.

मी खुर्ची धरून उभा राहिलो. तेवढ्यात स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि तेच वाक्य पुन्हा आलं.

तेव्हा मला सगळं समजलं. यंत्र कुणी लावलं नव्हतं. माझ्या नकाराच्या पानातच ती ओळ होती, पाच मिनिटांनी पुन्हा माग. त्यानं पान एकदा उघडलं होतं. पुढचं सगळं ठोठावणं माझं मीच लिहून पाठवलं होतं.

"हे चालू कावून ठेवलं त्यांनी?" मी विचारलं.

वैनी दाराशी उभ्या होत्या. "मी म्हणायची, बंद करा की आता. तर म्हणायचे, राहू दे. कधीतरी उघडंल तो." मग त्यांनी टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं. "आन् हे रोज उघडून बसायचे. म्हणायचे, बारक्यानं लिवलंय ते बरोबर हाय. बारक्यानं टाकलंय ते चूक हाय."

वही उघडीच होती. तीन एचपी मोनोब्लॉक, चोवीस खाचा. त्यापुढे शाळकरी, टपोऱ्या अक्षरात ५४. अक्षर माझं होतं.

म्हणजे तो आधी बोलला होता. एकदा नाही, तीनदा. वडिलांच्या नियमानं तो हरला होता, माझ्यापुढे हरायला तयार झाला होता, आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

वैनींनी वही फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे केली. नऊ वर्षं जिच्यासाठी जळलो ती वही. मी नको म्हणालो. कॉम्प्युटरही तसाच चालू ठेवून निघालो. बंद करायचं बटण मला माहीत होतं. हात गेला नाही.

वडगावला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आधी पंचेचाळीसचे चौपन्न केले. मग धारूरच्या कारागिराला फोन करून म्हणालो, चूक माझी होती. मग ती अडवणारी ओळ काढली आणि नोंदीसमोर बसलो. पाच मिनिटं किती लांब असतात ते मला माहीत नव्हतं. ओळ आली. तोच नंबर, तेच पान. शेवटी २००. बंद दुकानातल्या रिकाम्या खुर्चीसमोर चौपन्नचा आकडा गेला. तपासून बघायला तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैनींचा फोन आला. "भाऊजी, पडद्यावर आता आकडे आलेत. तुमीच केलं न्हवं? आता बंद करू का?"

मी बोललो नाही. सवय. मग माझं मलाच ते ऐकू आलं, ते गप्प राहणं, आणि मी घाईनं म्हणालो, "नको. चालू राहू द्या."

त्याही काही कच्च्या नव्हत्या. एवढी वर्षं आमच्या घरात काढलेली बाई. म्हणाल्या, "ठिवते की. पर मला काय त्यातलं कळत न्हाई. दर बाजारच्या दिवशी तुमी यायचं, धूळ पुसायची, बॅटऱ्यात पाणी घालायचं. जमत असंल तर सांगा."

पहिल्या बोलीला मी आयुष्यात कधी हो म्हणालो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो.

आता दर बाजारला तेलगावला जातो. फडकं मारतो, बॅटऱ्यांत पाणी घालतो, मग थोडा वेळ त्याच्या खुर्चीत बसतो. वही तिथंच असते. साच्यातली ती ओळ मी अजून काढलेली नाही. दर पाच मिनिटांनी स्क्रीन पांढरी होते, आणि पान येईपर्यंतच्या त्या एका क्षणात मला दर वेळी वाटतं, या खेपेला लाल अक्षरंच येणार.