सारवलेली भेग

कोयनेच्या पाण्यावरून लाँचनं पलीकडे गेलं, की तासाभराच्या चढावर माझ्या आत्याचं घर लागतं. डोक्यावर काळ्या कातळाचं पठार, म्हणजे सडा, पायाखाली उतार, खाली धरणाचं पाणी. आत्याच्या यजमानांना मी मामा म्हणते. त्यांच्या वडिलांचं गाव त्या पाण्यात गेलं, तेव्हा ही माणसं वर सरकली. मामांनी या जागेला 'गाव' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

मी साताऱ्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. "पोरगी लय शिकलीया, पर तोंडाला कुलूप," असं आत्या शेजारणींना सांगायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शेजारच्या खोऱ्यात दरड कोसळली. त्याच आठवड्यात आत्याच्या अंगणात भेग पडली. तुळशीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत, करंगळी जाईल एवढी. मी तेव्हा तिथेच होते. भेगेत तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते साचलं नाही. बराच वेळ खाली कुठेतरी उतरत असल्याचं ऐकू येत राहिलं. मी पुन्हा पाणी ओतलं नाही.

दिवाळीनंतर सरकारी पाहणी ठरली. धोक्याच्या घरांची यादी होणार होती. यादीत आलेल्यांना खाली सपाटीवर जागा मिळणार, बाकीच्यांनी पुढचा पावसाळा इथेच काढायचा. पाहणीला येणाऱ्या भूशास्त्रज्ञांना मराठी येत नव्हतं, म्हणून मामांनी मला बोलावून घेतलं.

"मी बाकीच्या सायबास्नी घिऊन सड्यावर जातो," ते म्हणाले. "घराकडं तू ऱ्हा. सायबाला भेग दाखीव. त्येंची भाषा तुला येतीया."

"हो," मी म्हणाले.

भेग दिसावी म्हणून मामांनी तेवढा पट्टा दिवाळीतही सारवू दिला नव्हता. आत्या सणभर धुसफुसत होती. पाहणीच्या दिवशी मामा साहेबांना आणायला पहाटेच लाँचवर गेले. मला जाग आली ती चोपण्याच्या आवाजानं. बाहेर येऊन पाहते तर भेगेत मुरूम भरून, चोपून, वर शेणाचा हात फिरवून झाला होता. आत्या रांगोळीचे ठिपके घालत होती.

"आत्या, भेग?"

"बुजीवली. सायेब म्हणंल, या घरात बाई हाय का न्हाई?"

साहेब आले. ओलं अंगण पाहून त्यांनी कडेला बूट काढले आणि अनवाणी आत आले. भेग होती नेमक्या त्याच जागी उभे राहून त्यांनी मला समोरचा डोंगर दाखवला. त्याच्या पायऱ्या मी लहानपणापासून पाहत आले होते. त्यातली एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोट, ते म्हणाले. एक लोट निवायचा, त्यावर हजारो वर्षं पाऊस पडायचा, तांबडी माती तयार व्हायची. मग तिच्यावर पुढचा लोट. पाणी काळ्या कातळातून झिरपतं आणि तांबड्या थरावर अडतं. मग वरचं सगळं त्या थरावरून घसरू शकतं.

आत्या चुलीला लावायची तांबडी माती घरामागच्या दरडीतून खणून आणते, हे मला ठाऊक होतं. मी मान डोलावत ऐकत राहिले.

"घराला, अंगणाला कुठे भेग?" त्यांनी विचारलं. मी आत्याला मराठीत सांगितलं.

"आमच्यात? न्हाई वं. बघा की," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी 'नो' म्हणाले.

आत्याचा मान राखला, असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. खरं एवढंच, की 'हो' म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं. चहा पिताना साहेब म्हणाले, इतकं नेटकं अंगण या दौऱ्यात पाहिलं नाही. हे मात्र मी आत्याला शब्दन् शब्द सांगितलं.

दुपारी मामा उतरून आले. "दाखीवलीस न्हवं?"

"हो."

"बघ," ते आत्याला म्हणाले, "शिकल्याचा उपेग हुतो."

यादी आली. वरच्या वाडीतली घरं होती, मामांचं नव्हतं. "सायबाला आमच्यापरीस जास्ती कळतंय," एवढंच मामा फोनवर म्हणाले.

पुढचा पावसाळा मी साताऱ्यात काढला. मोठ्या पावसाची बातमी आली की फोन लावायचा. आत्या काय रांधलंय ते सांगायची, मी तिच्यामागचा आवाज ऐकायची. रेंज गेली की दोन-दोन दिवस तोही नाही. एकदा सकाळी भूकंपाच्या बारीक धक्क्यानं मांडणीवरची भांडी किणकिणली. "कोयना," आई म्हणाली आणि पोळी उलटली. मी मात्र अंगण डोळ्यांसमोर आणून पाहत होते. ते सारवलेलं आणि कोरडं दिसत होतं. आवाज मात्र खोल उतरणाऱ्या पाण्याचा येत होता.

या मे महिन्यात मी गेले. मामा गवताच्या पेंढ्या रचत होते.

"मामा, मी भेग दाखवली नव्हती."

त्यांनी हातातली पेंढी नीट बसवली. "मंग हो म्हनलीस कशापायी?"

मी खालची एक पेंढी उचलून त्यांच्या हातात दिली.

"आता तरी अर्ज लिही," ते म्हणाले.

अर्जाला फोटो हवे होते. मामांनी पहार माझ्या हातात दिली. आत्या दारात उभी राहिली. "माझं अंगान," ती म्हणाली, पण पुढे आली नाही. एका घावात सारवणाचा पापुद्रा आत कोसळला. खाली मुरूम नव्हता. तो केव्हाच आत गेला होता. मी हात घातला, मनगटापर्यंत गेला. आतून गार हवा लागत होती.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. भेग आधीपासून होती, मला ठाऊक होती आणि विचारल्यावर मी नाही म्हणाले, हेही त्यात लिहिलं. मग मामांना मराठीत वाचून दाखवला. ते वाक्य मी गाळलं नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. जून लागला, तशी मी रजा टाकून इथे आले आहे.

"लावणीला आली व्हय?" आत्यानं विचारलं. "किती दीस हायस?"

"उत्तर येईपर्यंत," मी म्हणाले.